थोरलीचा आवाज

माझ्या मुलाची आई एक आसरा आहे, आणि ती आसरा माझ्या मुलीनं लिहिली. हे मी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा असंच सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "उज्ज्वलाताई, जरा सावकाश." सावकाश काय सांगायचं, कपाळ? पण सांगते.

मी उज्ज्वला खोपडे. भोरच्या बाजारपेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, मागं राहायच्या दोन खोल्या. आमचे हे गेले तेव्हा समिधा शाळेत जात होती आणि शार्दूल कडेवर होता. शिलाई मशीनवर दोघांना वाढवलं. शार्दूल मोठा होऊन विजेच्या एस्ट्यांच्या डेपोत चार्जिंगच्या कामाला लागला. समिधाचं डोकं लहानपणापासून गोष्टींत. ती पुण्याला गेली, 'सातडोह' नावाच्या खेळाच्या कंपनीत.

हा खेळ म्हणजे सोंग घ्यायचा खेळ. कुणी योद्धा व्हायचं, कुणी चोर, कुणी वैदू, आणि मग चारचौघं मिळून राक्षसांच्या मागं हिंडायचं. प्रत्येक सोंगाला एक पूर्वायुष्य असतं. हा कुठं जन्मला, कुणी वाढवला, कशाच्या ओढीनं घराबाहेर पडला, ते सगळं. पूर्वी लोक ते पडद्यावर वाचायचे आणि पाच मिनिटांत विसरायचे. मग निजपट्टी आली. कपाळाला बांधून झोपायचं आणि सकाळी उठलं की ते पूर्वायुष्य आपल्याला आठवायचं. वाचलेलं नव्हे, जगलेलं.

"म्हणजे डोक्यात खोटंनाटं भरायचं," मी म्हणाले होते.

"अगं भरत नाहीत, जोडतात," समिधा म्हणाली. ती दुकानात पाटावर बसून शेंगा फोडत होती. "आठवण म्हणजे कपाटातला फोटो नसतो, आई. आपण काही आठवलं की मेंदू त्या आठवणीची शिवण उसवतो आणि परत घालतो. दरवेळी. उसवलेली असते तेवढ्यात तिला नवा तुकडा जोडता येतो. निजपट्टी झोपेत कानात बारीक आवाज करते, कपाळावर मुंगी चावावी एवढा करंट देते, एखादी जुनी आठवण वर आणते, आणि आपला तुकडा तिला लावते. टाके मेंदू स्वतःच घालतो."

"आणि उसवायचं कसं?"

"आपोआप विरतं. खेळायचं सोडलं की दोनतीन महिन्यांत सिनेमा आठवावा तेवढंच राहतं."

समिधाचं काम ही पूर्वायुष्यं लिहायचं. त्यात एक कसब असतं, त्याला ते लोक टाचणी म्हणतात. नवा तुकडा जुन्या कापडावर धरून ठेवायला टाचणी लागते, म्हणजे खेळणाऱ्याच्या खऱ्या आयुष्यातली एखादी जाणीव. ही टाचणी ढिली लिहायची असते. 'कुणाचा तरी ऊबदार हात' एवढंच लिहायचं, मग ज्यानं त्यानं आपापला हात तिथं घालावा. फार नेमकं लिहिलं आणि नेमकं तसंच कुणाचं बालपण असलं, तर टाचणी टाचणी राहत नाही. मेंदूला नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते कळेनासं होतं. म्हणून लिहिणाऱ्यानं स्वतःच्या घरचं काही वापरायचं नाही, हा त्यांच्यातला पहिला नियम.

समिधानं लिहिलेलं पूर्वायुष्य असं: सात वर्षांचा मुलगा डोहात पडतो. काठावरचे लोक तो बुडाला म्हणून रडून मोकळे होतात. पण त्याला साती आसरा, पाण्यातल्या सात बाया, उचलतात आणि थोरली त्याला पोटच्या पोरासारखा वाढवते. पाण्याखाली काळ वेगळा चालतो, तिथं कुणी म्हातारं होत नाही. मोठा झाल्यावर तो जमीन बघायचा हट्ट धरतो. थोरली म्हणते, जा, पण डोह काठोकाठ भरेल तेव्हा मी हाक मारीन, तेव्हा परत ये. तेवढी ओढ मनात घेऊन तो खेळात उतरतो. कंपनीला ही ओढच विकायची होती. ओढ असली की गिऱ्हाईक परत परत येतं.

आता थोरली आसरा पोराला वाढवते म्हणजे काय करते, हे लिहायची वेळ आली. वरचे साहेब घाई करत होते. आणि माझ्या शहाण्या मुलीनं आपली आई लिहिली. मशीन चालवताना मी जे गुणगुणायचे ते लिहिलं. केस विंचरताना मी पोरांचा कान दोन बोटांत धरायचे, ते लिहिलं. ताप आला की कपाळावर ओला हात ठेवून मी म्हणायचे, "कुठं हिंडतंय माझं पाखरू?" तेसुद्धा लिहिलं. फक्त चेहरा लिहिला नाही. चेहरा ओल्या पदराआड ठेवला.

मी नंतर तिला विचारलं, का गं बाई, नियम माहीत असून? ती म्हणाली, "मला दुसरी चांगली आई माहीत नव्हती." आता हिला मारायचं की जवळ घ्यायचं, सांगा.

आणि वाढदिवसाला तिनं शार्दूलला निजपट्टी दिली. त्यात आपलं लिहिलेलं कुठंतरी असेल एवढं तिला माहीत होतं, पण शार्दूल म्हणजे तलवारी चालवणारा गडी, तो योद्धाच घेणार असं ती धरून चालली. त्यानं बहिणीचं लिहिलेलं मुद्दाम शोधून घेतलं. तिला बरं वाटावं म्हणून.

सुरुवातीला आम्ही हसलो. तो न्याहारीला बसून म्हणायचा, "आई, थोरली पण असाच कान धरायची." मी म्हणायचे, "जा मग तिच्याकडं भाकरी खायला." पुढं पुढं 'पण' गेला. थोरली कान धरायची, थोरली गाणं म्हणायची. मी विचारलं, "आणि मी रे?" तो विचारात पडला. मग म्हणाला, "तू पट्टीनं मारलंस एकदा. गणिताच्या पेपरावरून." मारलं होतं, खोटं नाही. पण मारलेलं तेवढं माझं आणि लाड तेवढे तिचे, ही कुठली वाटणी?

समिधानं त्याच दिवशी धावत येऊन पट्टी काढून घेतली. दोनतीन महिन्यांत विरायला हवं होतं. विरलं नाही, उलट घट्ट होत गेलं, कारण त्याला हे घर दिवसभर दिसत होतं. मशीनचा आवाज आला की त्याला थोरली आठवायची. प्रत्येक आठवण उसवायची आणि पुन्हा तिच्याच नावानं शिवली जायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोल लावणार?

दिवाळीनंतर त्यानं डेपो सोडला. दिवसभर बादलीत पाय बुडवून दुकानाच्या उंबऱ्यावर बसायचा. गिऱ्हाईक बायका वळसा घालून आत यायच्या. आळणी भात खायचा, तिकडं मीठ नसतं म्हणे. आणि एका सकाळी तो मला "काकू" म्हणाला.

मी अल्बम काढला. त्याचे शाळेतले, कॉलेजातले, मुंजीएवढ्या वयात घोड्यावर बसलेले फोटो पुढ्यात टाकले. त्यानं ते नीट, प्रेमानं पाहिले. मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काकू, तुमचा मुलगा बुडाला याचं मला फार वाईट वाटतं. दिसतो खरा माझ्यासारखा. पण मी तो नाही. तुम्ही मला तुमच्या घरात राहू दिलंत, तुमचे उपकार आहेत. डोह भरला की मी जाईन."

मी ओरडले, "मेल्या, नऊ महिने या पोटात वाढलास तू!"

तो घाबरून उठला. बादली लवंडली आणि सगळी ब्लाऊजची कापडं भिजली. त्यानं ती एकेक उचलून पिळून वाळत घातली. स्वभाव त्याचाच होता, तेवढा कुणी नेला नव्हता.

मग मी एक मूर्खपणा केला. म्हटलं, आवाज माझा, शब्द माझे, तर मीच बोलून बघते. तो झोपाळलेला बसला होता. मी मागून जाऊन त्याचा कान दोन बोटांत धरला आणि अगदी त्याच गोड आवाजात म्हणाले, "कुठं हिंडतंय माझं पाखरू?"

त्यानं माझा हात असा झटकला की मी कपाटावर आदळले. "तिची नक्कल करू नका!" तो ओरडला. "बाकी काहीही करा काकू, पण तिच्या आवाजात बोलू नका. परत असं केलंत तर मी याक्षणी जाईन." घरात, मशीनपाशी, माझ्या तोंडून आलेला तो आवाज त्याच्या लेखी चोरीचा होता.

पुण्याला डॉ. तरन्नुम इनामदार निजपट्टीनं बिघडलेल्या माणसांच्याच डॉक्टर. त्यांनी त्याला महिनाभर ठेवून घेतलं. तिथून तो पळाला आणि मुठेच्या पुलावर सापडला. परत आणला तेव्हा त्यांनी मला आणि समिधाला समोर बसवलं.

"काढता येत नाही का?" मी विचारलं.

"येतं. पण तो तुकडा ज्या आठवणींवर बसलाय त्या त्याच्या बालपणाच्याच आहेत. तो खेचला तर खालचं कापडही जाईल. कुणाच्या कुशीत झोपल्याची एकही आठवण उरणार नाही. अशी माणसं मी बघितलीत, उज्ज्वलाताई. ती जगत नाहीत फार."

"आणि तसंच राहू दिलं तर?"

त्या समिधाकडं बघायला लागल्या. समिधा खाली मान घालून म्हणाली, "डोह काठोकाठ भरेल तेव्हा, असं मी लिहिलंय."

भाटघरचं धरण श्रावणात भरतं. आषाढ अर्धा झाला होता. शार्दूल रोज सकाळी बॅकवॉटरला जाऊन काठावरच्या बाभळींच्या बुंध्यांवर पाणी कुठवर आलं ते बघून यायचा आणि दिवसेंदिवस खुलत चालला होता. सासरहून माहेरी निघालेल्या पोरीसारखा. पोहायला तो कधीच शिकला नव्हता, पाण्याखाली वाढलेल्याला पोहायची काय गरज?

"कोंडून ठेवू," मी म्हणाले.

"किती वर्षं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धरण दरवर्षी भरतं." मग म्हणाल्या, "एक मार्ग आहे. त्याची आठवण आपण बाहेरून बदलू शकत नाही, कारण आपण बाहेरचे. थोरली बदलू शकते. तो तिच्यासमोर उभा असेल तेव्हा ती सगळी शिवण उसवलेली असेल. त्या वेळी ती जे बोलेल ते कायमचं आत जाईल. तिनंच सांगायला हवं की येऊ नकोस."

"थोरली आहे कुठं?" मी विचारलं, आणि दोघी माझ्याकडं बघत राहिल्या.

आमच्याकडं बॅकवॉटरच्या काठाला साती आसरांचे सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. बायका तिथं हिरव्या बांगड्या, खण-नारळानं ओटी भरतात. आधी मला वाटायचं, या बायांनीच माझं पोर धरलं, त्यांच्याशी भांडावं. धरण भरायच्या आदल्या दिवशी ओटी घेऊन गेले आणि हात जोडले. म्हटलं, बायांनो, तुमचं नाव फुकट बदनाम झालं. तुम्ही कुणाचं काही नेलं नाही. माझ्याच घरात चोरी झाली आणि चोरलेला मालही मीच. उद्या तुमचं सोंग घ्यायचंय, रागावू नका.

समिधानं बोलायचं लिहून आणलं होतं. 'तुझा काळ सरला, जलाची दारं मिटली,' असलं काहीतरी. मी कागद तिला परत दिला. "राहू दे. आईनं पोराला तोडायचं कसं ते लिहून येत नाही."

सांडव्यावरून पाणी पडायला लागलं त्या सकाळी मी हिरवं लुगडं नेसून बॅकवॉटरमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले. धुकं होतं. पायाखाली गाळ होता आणि गारठ्यानं दातावर दात वाजत होते. समिधा एका होडीवाल्याला घेऊन बाभळींच्या आड थांबली होती. मी पदर भिजवून तोंडावर ओढला. तो पायवाटेनं उतरताना दिसला, नवा शर्ट घातला होता, मीच शिवलेला.

मी गुणगुणायला लागले. तो जागच्या जागी थांबला.

"कुठं हिंडतंय माझं पाखरू?"

त्याच्या तोंडावर जे आलं ते मी कसं सांगू? इतके महिने मी त्या तोंडाकडं भीक मागत होते. तो चिखलात गुडघ्यावर बसला आणि हसत-रडत म्हणाला, "आई! आई, मी आलो."

इतक्या महिन्यांनी मला आई म्हणाला. मला वाटलं, मरू दे सगळं, याला जवळ घ्यावं आणि दोघांनी इथंच तळाला जावं. खरंच वाटलं. देवाशपथ.

"परत जा," मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. तो पाण्यात उतरला. "डोह भरला ना. तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. आता नको म्हणते."

"माझं काही चुकलं का?" पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. "मी मीठसुद्धा खाल्लं नाही, आई."

मी मागं सरकले. गाळात पाय रुतला, सावरले, पाणी माझ्या गळ्याशी आलं. तो येतच होता, कमरेपर्यंत पाणी, हात पुढं केलेले. बाभळीआडून वल्ह्याचा आवाज झाला. मी हात वर करून त्यांना थांबवलं. होडी पुढं आली असती तर सगळंच फुकट गेलं असतं.

"तिथंच थांब!" गोड आवाजातच म्हणाले, तो सोडून चालणार नव्हतं. "ऐक माझं. तू माझा नाहीस. काठावरून उचललेला होतास. मला आता दुसरं मूल आहे. त्याचा कान धरते मी, त्याला गाणं म्हणते. तू आलास तर त्याला त्रास होईल. मला तू नकोस."

तो थांबला. पाणी त्याच्या छातीशी हलत होतं.

"दुसरं?" तो म्हणाला.

"हो. तुझ्यापेक्षा गुणी."

तो वळला आणि काठाकडं चालायला लागला. लहानपणी पट्टीनं मारलं तेव्हा रडला नव्हता, खांदे तेवढे उडत होते. तसेच उडत होते. तो धुक्यात गेला तेव्हा समिधानं मला ओढून होडीत घेतलं. ती धाय मोकलून रडत होती. मला रडू आलं नाही, मला उलटी झाली.

तिनं मला स्कूटरवरून रस्त्यानं घरी आणलं. मी लुगडं बदललं, केस पुसले, मशीनवर बसले. तो दुपारी आला. चिखलानं भरलेला, ओठ निळे. उंबऱ्यावर बसला. बादली तिथंच होती, पण त्यानं पाय घातले नाहीत.

"काकू," तो म्हणाला, "आईनं मला नको म्हटलं."

मी मशीन थांबवलं नाही.

"आई असं म्हणू शकते का हो?"

नाही म्हणाले असते तर तो उद्या परत गेला असता, विचारायला. मी म्हणाले, "म्हणू शकते."

तो आत आला आणि माझ्या पायाशी, चिंध्यांच्या ढिगावर बसला. हुंदके देऊन देऊन रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, कानाला बोट लागणार नाही असा. समिधा आतल्या दारात तोंडात पदर कोंबून उभी होती.

रडणं ओसरल्यावर त्यानं नाक पुसलं. म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणायचात ना, मी तुमच्या मुलासारखा दिसतो. तो तर गेला. आणि मला आता कुणी नाही." तो लाजला. "त्याच्या जागी मला ठेवून घ्याल का? मी काम करीन. त्रास नाही देणार."

"राहा," मी म्हणाले.

"त्याच्या नावानं हाक मारलीत तरी चालेल मला."

मी तोंड उघडलं. जीभ आपोआप त्या जुन्या लाडाकडं वळली होती. पण तो आवाज आता त्याला नको म्हणणारीचा होता. एकदा जरी त्याच्या कानावर पडला असता तर त्यानं मला ओळखलं असतं. शेजारचं पोर दारात आलं की आपण बोलतो ना, तसा कोरडा, वरचा आवाज मी शोधला.

"शार्दूल," मी म्हणाले, "पाय धुऊन ये. जेवायला वाढते."

"हो, काकू," तो म्हणाला, आणि पाय धुवायला गेला.